मल्टिमीटरने एसी मोजताना: लाल लीड कुठल्या भोकात आहे आणि स्क्रीनवरचं शून्य खरं आहे का?

ओहमकार (धागाकर्ता)

मल्टिमीटर आता दोन-तीनशे रुपयांत मिळतो, पण त्याच्या डब्यातल्या चिठोऱ्यावर एसी मोजण्याबद्दल धड चार ओळी नसतात. म्हणून हा धागा. विषय एवढाच की घरातला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा सप्लाय मोजायचा कसा, आणि मोजताना माणूस आणि मीटर दोन्ही शाबूत कसे ठेवायचे. थ्री फेजवाल्यांनी खाली भर घालावी.

आधी नुसता मीटर हातात घ्या, सॉकेटकडे जाऊ नका. खाली तीन किंवा चार भोकं दिसतील. काळी लीड (मीटरची वायर) कायम 'कॉम'मध्ये. लाल लीड व्होल्ट आणि ओहमची खूण असलेल्या भोकात. तिसरं भोक '१० ए'चं, आणि बहुतेक अपघात तिथूनच होतात. लाल लीड त्या भोकात राहिली आणि प्रोब (लीडची टोकदार टोकं) सॉकेटात गेले, की फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये तुम्ही सरळ जाड तार टाकलेली असते. मीटर उघडून बघा, १० ए आणि कॉम यांच्यामध्ये यू आकाराची जाड तार दिसेल. तिचा रोध ०.०१ ओहमच्या आसपास. व्होल्टच्या भोकातून वाट १० मेगओहमची (स्वस्त मीटरात बरीच कमी, पण तरी लाखांत), त्यामुळे २३० व्होल्टला जेमतेम २३ मायक्रोअँपिअर जातात. १० ए मधून किती जातील हे तुमच्या घरच्या वायरिंगवर ठरतं. दोनशे-चारशे अँपिअर सहज.

डायल व्होल्टवर आहे म्हणून वाचू, असं समजू नका. ती जाड तार कॉमला कायमची जोडलेली असते, डायल कुठेही असला तरी.

आता डायल. व्ही अक्षराशेजारी लाटेची खूण म्हणजे एसी, सरळ रेघ आणि तुटक रेघ म्हणजे डीसी. साध्या मीटरवर एसीचे दोनच टप्पे असतात, २०० आणि ७५०. घरच्या सप्लायला ७५०. डीसीवर ठेवून २३० एसी मोजलात तर मीटर शून्य किंवा शून्याच्या आसपास काहीतरी दाखवतो, कारण लाट जेवढी वर जाते तेवढीच खाली येते आणि सरासरी शून्य. तार जिवंत, स्क्रीनवर शून्य. या शून्यावर विसंबून तारेला हात लावणं सगळ्यात धोक्याचं.

सॉकेट मोजायची पद्धत:

आपल्याकडे सॉकेटला स्विच असतो, त्याचा फायदा घ्या. स्विच बंद करा. चपला पायात, हात कोरडे, अंगठी-कडं काढलेलं. सॉकेट समोरून बघताना वरचं मोठं भोक अर्थ, उजवं फेज, डावं न्यूट्रल. आधी काळा प्रोब डावीकडे, मग लाल उजवीकडे. नुसता आत घालून भागत नाही, टोक कडेच्या पत्तीला टेकवावं लागतं. बोटं प्रोबच्या कठड्याच्या मागेच. मग स्विच चालू करा, आकडा वाचा, स्विच बंद करा, आधी लाल काढा, शेवटी काळा.

काळा आधी का? लाल आधी फेजला लावलात तर मोकळा काळा प्रोब मीटरमधून फेजला जोडला जातो. लीड बरोबर भोकात असेल तर काही मायक्रोअँपिअरच येतील, पण चुकून १० ए मध्ये असेल तर काळ्या प्रोबच्या टोकावर अख्खा फेज उभा असतो.

झडपवाल्या सॉकेटात प्रोब जात नाही. अर्थची पिन आत गेल्याशिवाय खालच्या भोकांची झडप उघडत नाही. अर्थच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर खुपसून झडप उघडायची सवय वाईट आहे. वायरिंग चुकलेली असेल तर अर्थमध्येही फेज असू शकतो. त्यापेक्षा झडप नसलेला चांगला मल्टिप्लग सॉकेटात लावा आणि त्याच्यावर मोजा.

तीन आकडे घ्यायचे. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. उदाहरणार्थ २३१, २२९ आणि २ आले तर सगळं जागच्या जागी. न्यूट्रल-अर्थमध्ये २३० आले तर फेज-न्यूट्रल उलटे जोडलेत. चौथा आकडा फारसं कोणी घेत नाही, पण तो जरूर घ्या: स्विच बंद ठेवून फेजचं भोक ते अर्थ. तिथे पूर्ण २३० दिसले तर स्विच फेजवर नसून न्यूट्रलवर लावलाय. म्हणजे स्विच बंद केल्यावरही सॉकेटात फेज तसाच आहे.

सौ_ओहम

उत्तम धागा. शून्याबद्दल थोडं पुढे.

डीसीवर डायल हे शून्य दिसण्याचं एक कारण झालं. दुसरं म्हणजे होल्डचं बटण. ते चुकून दाबलं गेलं की स्क्रीनवर मघाचाच आकडा गोठून राहतो. मघा शून्य असेल तर आता फेजला टेकवलं तरी शून्यच. कोपऱ्यात लहानशी एच किंवा कुलुपाची खूण असते, ती बघायची सवय लावा. तिसरं, लीड आतून तुटलेली. वरून इन्सुलेशन धड, पण प्लगच्या मानेशी आतले तांब्याचे केस तुटलेले. डायल बीपवर (तार सलग असली की वाजणारा टप्पा) ठेवून दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा आणि लीड मानेशी वाकवून हलवा. बीप अडखळला तर लीड बदला, चिकटपट्टी लावू नका.

ऑटो रेंजच्या, म्हणजे टप्पा स्वतःच निवडणाऱ्या मीटरात एक वेगळी गंमत होते. स्क्रीनवर २३० दिसतं पण शेजारी मिलिव्होल्टची खूण असते, किंवा उलट. आकड्याबरोबर एकक वाचायचंच.

म्हणून कुठलीही तार 'मेली' असं जाहीर करण्याआधी चालू-बंद-चालू. मीटर आधी माहीत असलेल्या चालू सॉकेटवर लावून २३० दाखवतो ते बघा. मग त्याच डायलवर, त्याच लीडनी, ज्या तारेवर काम करायचंय ती मोजा. आणि लगेच परत त्या चालू सॉकेटवर. तिन्ही वेळा योग्य आकडा आला तरच मधलं शून्य खरं. दोन मोजण्यांच्या मध्ये मीटरची बॅटरी बसू शकते, फ्यूज उडू शकतो, लीड तुटू शकते, म्हणून तिसरी पायरी गाळायची नाही. मोजायचंही तिन्ही जोड्यांत: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. न्यूट्रल मध्येच तुटलेला असेल तर फेज-न्यूट्रल शून्याच्या जवळ दिसतं आणि फेज मात्र जिवंत असतो.

निळीवायर

एक शंका. ओहमकार यांनी सांगितलेला चौथा आकडा घेतला तर पुष्कळ बोर्डांत स्विच बंद असताना २३० ही नाही आणि शून्यही नाही, ६० ते ११० च्या दरम्यान काहीतरी येतं, आणि हात हलवला की आकडाही हलतो. टेस्टर मंद पेटतो. हे गळती समजायचं का?

ओहमकार

निळीवायर, बहुतेक वेळा ती गळती नसते. स्विचच्या पुढची तार मोकळी लोंबकळतेय आणि त्याच पाइपात शेजारून दुसरा जिवंत फेज जातोय. दोन तारा आणि मधलं इन्सुलेशन मिळून एक छोटा कपॅसिटर तयार होतो. त्यातून येणारा करंट नगण्य, पण मीटरचा रोध १० मेगओहम असल्याने तेवढ्यावरही ८०-९० व्होल्ट दिसतात. याला घोस्ट व्होल्टेज म्हणतात.

खात्री करायला त्या तारेवर थोडा लोड हवा. काही मीटरांवर 'लो झेड' असा टप्पा असतो, त्यात आतला रोध काही हजार ओहमपर्यंत खाली येतो आणि भूत असेल तर आकडा झटक्यात शून्याकडे कोसळतो. तो टप्पा नसेल तर १५ वॅटचा तंतूचा झिरो बल्ब होल्डरसकट त्या तार-न्यूट्रलमध्ये समांतर लावा आणि परत वाचा. एलईडीचा बल्ब नको, तो एवढ्याशा करंटवरही मिणमिणतो. लोड लावल्यावर आकडा दोन-तीन व्होल्टवर आला तर तार मोकळी होती. २३० वर टिकून राहिला तर तिथे खरा फेज येतोय.

याचाच दुसरा भाग: बोर्डातला न्यूट्रल कुठेतरी सुटला की पंखा-दिवे बंद आणि फेज-न्यूट्रल कधी शून्याजवळ, तर कधी ९०-१०० दाखवतो. लोक म्हणतात 'व्होल्टेज डाउन आहे'. व्होल्टेज डाउन नाही, न्यूट्रल तुटलाय.

अवजारपेटी

मीटर कुठला घ्यावा हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच लिहितो. ब्रँडपेक्षा दोन गोष्टी बघा: कॅट आणि फ्यूज.

भोकांजवळ 'कॅट' (मीटर कुठल्या जागी वापरायचा तो वर्ग) आणि पुढे रोमन आकडा छापलेला असतो. कॅट दोन म्हणजे सॉकेटला पिन लावून चालणारी उपकरणं. कॅट तीन म्हणजे एमसीबीची पेटी आणि भिंतीतली पक्की वायरिंग. कॅट चार म्हणजे सर्व्हिस वायर, विजेचं मीटर, खांब. हा आकडा आणि शेजारचे व्होल्ट दोन्ही मिळून वाचायचे. लाइनवर स्विचिंगमुळे किंवा जवळ वीज पडल्यामुळे क्षणभर हजारो व्होल्टचा झटका येतो, आणि मीटरने तो आत न पेटता सोसायला हवा. कॅट दोन ६०० व्होल्टच्या मीटरची चाचणी ४००० व्होल्टच्या झटक्याने होते, मागे (झटका देणाऱ्या यंत्रात) १२ ओहम. म्हणजे जास्तीत जास्त ३३३ अँपिअर. कॅट तीन ६०० ला ६००० व्होल्ट, मागे फक्त २ ओहम, म्हणजे ३००० अँपिअर. आता गंमत बघा, कॅट दोन १००० व्होल्टच्या मीटरलाही ६००० व्होल्टचाच झटका देतात, पण मागे १२ ओहम असल्याने ५०० अँपिअरच. १००० हा आकडा मोठा दिसतो म्हणून तो मीटर एमसीबीच्या पेटीत घेऊन जाऊ नका. पेटीसाठी कॅट तीन ६०० जास्त भरवशाचा.

याला कारण आहे. सॉकेटपर्यंत पोचेपर्यंत मध्ये वीस-तीस मीटर बारीक तार असते आणि ती करंट आवरते. एमसीबीच्या पेटीपाशी आवरायला फारसं काही नसतं.

दुसरं, फ्यूज. मागचं झाकण काढा (लीड दोन्ही काढून). आत ५ बाय २० मिलिमीटरचा काचेचा फ्यूज दिसला तर तो मीटर बॅटरी, गाडी, सर्किट बोर्ड यांच्यासाठी. काचेचा १० अँपिअरचा साधा फ्यूज जास्तीत जास्त १०० अँपिअरचा दोष खात्रीने तोडू शकतो. घरात शॉर्ट झाला तर तीन-चारशे अँपिअर येतात. तेव्हा काच फुटते, आतल्या तारेची वाफ होते आणि त्या वाफेतून ठिणगी वाहतच राहते. चांगल्या मीटरात १० बाय ३८ मिलिमीटरचा, चिनी मातीच्या नळीचा, आत वाळू भरलेला ११ अँपिअर १००० व्होल्टचा फ्यूज असतो. तो २० हजार अँपिअर तोडू शकतो, वाळू वितळून ठिणगी गिळते. तो फ्यूज महाग असतो, कधीकधी अख्ख्या स्वस्त मीटरपेक्षा महाग. म्हणून उडाला की लोक तिथे तारेचा केस गुंडाळतात. कृपा करून हे कधीही करू नका. तसा केस असलेला मीटर दुसऱ्याच्या हातात गेला तर त्याला काहीच कळणार नाही.

पुष्कळ स्वस्त मीटरांवर १० ए च्या भोकापाशी 'अनफ्यूज्ड' असं स्पष्ट छापलेलं असतं. म्हणजे तिथे काचेचाही फ्यूज नाही. अशा मीटरवर कॅट तीन छापलेलं असलं तरी ते छापील शाईपुरतं धरा.

लीडलाही कॅट असतो. मीटर चांगला आणि लीड फुटपाथवरची, याला अर्थ नाही. प्लग पूर्ण झाकलेले हवेत, आणि पेटीत मोजताना टोकावर टोपी घालून ४ मिलिमीटरच उघडं ठेवा, म्हणजे टोक घसरून दोन बसबारना (पेटीतल्या उघड्या धातूच्या पट्ट्यांना) एकदम टेकणार नाही.

दिवेलागण

आकडे किती खरे धरायचे यावर कोणी लिहिलं नाही म्हणून.

साध्या १९९९ काउंटच्या (स्क्रीनवर जास्तीत जास्त १९९९ दाखवणाऱ्या) मीटरवर ७५० च्या टप्प्याची अचूकता साधारण ±(१.२ टक्के + १० अंक) अशी छापलेली असते. लोक टक्के वाचतात आणि अंक सोडतात. ७५० वर शेवटचा अंक म्हणजे १ व्होल्ट, तेव्हा १० अंक म्हणजे १० व्होल्ट. २३० चे १.२ टक्के पावणेतीन. एकूण जवळजवळ १३. म्हणजे स्क्रीनवर २३० असेल तर खरं व्होल्टेज २१७ ते २४३ मध्ये कुठेही. या मीटरवर २२४ दिसले म्हणून वीज कंपनीशी भांडायला जाऊ नये. ६००० काउंटच्या मीटरवर ±(१ टक्का + ३ अंक), शेवटचा अंक ०.१ व्होल्टचा, म्हणजे फरक २.६ व्होल्ट. पैसे इथे जातात.

बॅटरी उतरली की स्वस्त मीटर उलट जास्त दाखवायला लागतो. सॉकेटात अचानक २७० दिसले तर स्टॅबिलायझर आणायच्या आधी ९ व्होल्टची बॅटरी बदलून बघा.

आता ट्रू आरएमएस, म्हणजे लाटेचा आकार कसाही असला तरी खरं व्होल्टेज दाखवणारा मीटर. साधा मीटर लाटेचा खालचा भाग वर उलटवून तिची सरासरी घेतो आणि तिला १.११ ने गुणून आकडा दाखवतो. शुद्ध साइन लाटेला हे बरोबर. लाट बिघडली की चूक. घरच्या जुन्या इन्व्हर्टरचं आउटपुट पूर्ण चौकोनी असेल तर खरं २३० असताना मीटर २५५ दाखवेल. आणि 'मॉडिफाइड साइन' म्हणून जी पायऱ्यांची लाट येते, ज्यात निम्मा वेळ व्होल्टेज शून्य असतं, तिथे खरं २३० असताना मीटर १८० दाखवेल. इथे लोक फसतात: इन्व्हर्टरच्या आतला प्रीसेट (व्होल्टेज जुळवायचा स्क्रू) फिरवून मीटरवर २३० आणतात, म्हणजे प्रत्यक्षात २९० च्या वर नेऊन ठेवतात, आणि मग टीव्हीचा सप्लाय जातो. इन्व्हर्टर बघायचा तर ट्रू आरएमएसच मीटर, नाहीतर तंतूच्या बल्बचा उजेड ग्रिडवर आणि इन्व्हर्टरवर ताडून बघा, साध्या मीटरपेक्षा बरा अंदाज येतो.

डिमरचंही तसंच. बल्ब अर्ध्यावर आणला, लाट ९० अंशांवर कापली, तर खरं व्होल्टेज १६३ असतं आणि साधा मीटर ११५ दाखवतो. बल्ब काढून नुसत्या डिमरवर मोजलंत तर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दिसतं, कारण आतल्या कपॅसिटरमधून गळणारं मीटरला पुरतं.

निळीवायर

घोस्टचं कळलं, धन्यवाद. आता करंट. फ्रिज किंवा गिझर किती अँपिअर घेतो हे याच मीटरने, १० ए च्या भोकात लीड घालून मोजता येईल का?

टाँगटेस्टर

नका करू. तुमचा मीटर दोनशे-तीनशे रुपयांचा असेल तर त्यावर एसी करंट मोजण्याची सोयच नसते. डायलवर 'ए' पुढे सरळ रेघ आहे ना? म्हणजे फक्त डीसी. एसी करंट असलेला मीटर असला तरी तार तोडून मीटर मधोमध घालावा लागतो, काम झाल्यावर लाल लीड १० ए मध्येच राहते, आणि पुढच्या वेळी कोणीतरी सॉकेट मोजायला जातो. सुरुवातीला ओहमकार यांनी लिहिलेला प्रकार नेमका असाच घडतो.

क्लॅम्प मीटर घ्या, वायरमन ज्याला टाँग टेस्टर म्हणतात तो. तार तोडायची नाही, जबडा उघडून तारेभोवती मिटायचा. फक्त एकच तार जबड्यात, एकटा फेज किंवा एकटा न्यूट्रल. अख्खी केबल घातली तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि शून्य दिसतं. उपकरणाच्या वायरीवर मोजायचं तर एक छोटं एक्स्टेन्शन बनवा: तीन पिनी टॉप, एक मीटर तीन-कोअर केबल, पलीकडे सॉकेट, आणि मध्ये बाहेरचं आवरण वीस सेंटीमीटर अलगद काढून तिन्ही कोअर मोकळ्या. कोअरच्या इन्सुलेशनला पात्याचा ओरखडाही जाता कामा नये, गेला तर तो तुकडा फेकून द्या.

केबल अख्खी घातल्यावर येणारं ते शून्य उपयोगाचंही आहे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही जबड्यात घेतले आणि तरी काही मिलिअँपिअर दिसले, तर तेवढा करंट तिसऱ्या वाटेने, अर्थमधून परत जातोय. गिझरची कॉइल गळतेय का हे असं कळतं. त्यासाठी मिलिअँपिअर वाचणारा लीकेज क्लॅम्प हवा, साध्या क्लॅम्पला तेवढं दिसत नाही.

लहान करंटला तार जबड्यातून दहा वेळा गुंडाळा आणि आलेला आकडा दहाने भागा. ९ वॅटचा एलईडी, पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खऱ्या वॅटचा वाटा) ०.५ असेल तर ०.०८ अँपिअर घेतो. क्लॅम्पवर तो अंदाज वाटतो, दहा वेढ्यांवर ०.८ नीट वाचता येतो. आणि हे लक्षात घ्या की ०.०८ गुणिले २३० म्हणजे १८, ९ नाही. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट हे गिझर, इस्त्री, हीटर यांच्यापुरतं. २००० वॅटचा गिझर ८.७ अँपिअर दाखवेल आणि तिथे हिशेब जुळेल.

कोल्हापुरी_वायरमन

सगळं बरोबर, पण अर्थिंग बघायला एवढे आकडे कशाला? फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावायचा. लख्ख पेटला तर अर्थिंग ओके. वर्षानुवर्षं हेच चालत आलंय.

ओहमकार

कोल्हापुरी, बल्बमागचा विचार बरोबर आहे. मीटरपेक्षा बल्ब खरं बोलतो, कारण तो करंट ओढतो. अर्थिंगचा रोध १००० ओहम झाला, म्हणजे कामातून गेला, तरी १० मेगओहमचा मीटर फेज-अर्थमध्ये २३० च दाखवेल. तेव्हा मीटरवरचे २२९ म्हणजे 'तार कुठेतरी पोचलीय' एवढंच. दोष झाला तर १००० ओहममधून पाव अँपिअरसुद्धा जाणार नाही, एमसीबी पडणार नाही.

पण बल्बने मोजताना एक मोठा धोका आहे. अर्थची तार मध्येच तुटलेली असेल तर बल्बमधून येणारा फेज त्या तुटक्या तारेवर चढतो. त्याच तारेला फ्रिज, वॉशिंग मशीन, गिझर यांचे पत्रे जोडलेले असतात. तुम्ही इकडे 'बल्ब पेटत का नाही' म्हणून बघत उभे, आणि स्वयंपाकघरात कोणी फ्रिजला हात लावला की त्याला शॉक. शिवाय घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अर्थकडे गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) असेल तर १५ वॅटचा बल्बही ६५ मिलिअँपिअर ओढतो, त्यामुळे तो ट्रिप होणारच. तो ट्रिप झाला म्हणजे अर्थ अगदीच तुटलेली नाही, एवढं मात्र कळतं. ही चाचणी करायचीच तर आधी घरातली सगळी अर्थ असलेली उपकरणं प्लगमधून काढा. पक्कं उत्तर अर्थ टेस्टर किंवा लूप टेस्टरच देतो, आणि ते काम परवानाधारकाकडून करून घ्यावं.

कोल्हापुरी_वायरमन

फ्रिजवाला मुद्दा मान्य. उपकरणं काढल्याशिवाय नाही लावणार. सोबत्यांनाही सांगतो.

माझ्याकडून एक भर. दिवे मंद होतात अशी तक्रार असली की नुसता सॉकेट मोजून काही कळत नाही, लोड देऊन मोजा. गिझर बंद असताना २३२, चालू केल्यावर २१९. १३ व्होल्ट कुठे गेले? २१९ ला तो गिझर सुमारे ८.३ अँपिअर ओढतो. १३ गुणिले ८.३, म्हणजे १०८ वॅट वाटेत कुठेतरी उष्णता होऊन जाताहेत. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची तार वीस मीटर जाऊन येऊन ०.३ ओहमची, तिच्यात अडीच व्होल्ट जायला हरकत नाही. बाकीचे दहा व्होल्ट कुठल्यातरी ढिल्या स्क्रूवर जाताहेत. कुठल्या बाजूला ते बघायला गिझर चालू ठेवून शेजारच्या सॉकेटात न्यूट्रल-अर्थ मोजा. आधी २ होते आणि आता १२ च्या आसपास झाले तर जोड न्यूट्रलचा आहे. तसंच २ राहिले तर फेजचा, बहुतेक स्विच किंवा एमसीबीच्या पायाशी. बोर्डाला नाक लावलं तर बेकेलाइट तापल्याचा वास येतोच.

पंपवाला

थ्री फेजबद्दल लिहितो, शेतातल्या पंपाच्या स्टार्टरपुरतं.

तिथे बहुधा न्यूट्रल नसतो, म्हणून मोजायचं फेज-फेज: आर-वाय, वाय-बी, बी-आर (आर, वाय, बी ही तीन फेजची नावं). ४०० ते ४१५ च्या आसपास यायला हवेत. मीटर कॅट तीन ६०० पेक्षा कमी नको, २०० च्या टप्प्यावर डायल चुकूनही नको. पेटीसमोर चिखल असतो, कोरडी फळी टाका आणि रबरी बूट घाला. शक्यतो एका हाताने मोजा: काळ्या लीडला मगर-क्लिप लावून ती सप्लाय बंद असताना एका टर्मिनलवर अडकवा, दुसरा हात पेटीच्या बाहेर.

तीन आकड्यांचा समतोल बघा. ४१०, ४०२, ३८८ आले तर सरासरी ४००, सर्वांत दूरचा ३८८, फरक १२, म्हणजे ३ टक्के असमतोल. थोडा वाटतो, पण व्होल्टेजच्या १ टक्क्याला करंटमध्ये ६ ते १० टक्के असमतोल येतो. मोटर तापते ती यामुळे.

आणि एक कायम फसवणारी गोष्ट. मोटर चालू असताना एक फेज गेला तर नुसतं व्होल्टेज मोजून ते कळत नाही. फिरणारी मोटर गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करते. मीटर तिथे साडेतीनशेच्या वर दाखवतो, माणूस म्हणतो 'तिन्ही फेज आहेत', आणि वाइंडिंग जळतं. चालू मोटरवर क्लॅम्पच लावा, तिन्ही तारांवर एकेक करून. ५ एचपीची मोटर साधारण साडेसात अँपिअर घेते. एका तारेवर शून्य आणि उरलेल्या दोहोंवर १३ दिसले की लगेच बंद करा.

सौ_ओहम

पंपवाला, छान माहिती. एक विचारतो: दोन फेजवर मोटर चालवायला जे कपॅसिटर लावतात, ते पेटीत असताना सप्लाय बंद केल्यावर मीटर एसीवर शून्य दाखवतो. तेवढ्यावर हात घालावा का?

पंपवाला

मुळीच नाही, आणि हे लिहायचं राहिलंच होतं. कपॅसिटरमध्ये उरतं ते डीसी. एसीच्या टप्प्यावर ते बहुतेक मीटरांत दिसतच नाही. ४१५ चा शिखर ५८७ व्होल्ट, नेमक्या त्या क्षणी स्टार्टर पडला तर तेवढं आत राहू शकतं. म्हणजे घरात डीसीवर ठेवून एसी मोजलं की खोटं शून्य, आणि इथे एसीवर ठेवून डीसी मोजलं की खोटं शून्य.

मेन पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा. चालू-बंद-चालू पद्धतीने तिन्ही फेज एसीवर तपासा. मग डायल डीसीच्या १००० वर आणा आणि प्रत्येक कपॅसिटरच्या दोन टोकांवर मोजा. काही आकडा दिसला तर स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका, टोक वितळून डोळ्यात उडतं. १०० वॅटचे तंतूचे दोन बल्ब सिरीजमध्ये जोडून त्यांच्या लीड टोकांना लावा, क्षणभर लुकलुकून विझतील. परत डीसीवर मोजा. दहा व्होल्टच्या खाली आलं, की कपॅसिटरच्या टोकांवर तारेचा तुकडा अडकवून ठेवा आणि काम संपेपर्यंत काढू नका. मोठे कपॅसिटर रिकामे झाल्यावरही थोडं व्होल्टेज परत धरतात.